गच्चीवरची बादली

डेअरीत तिला सगळे नाकबाई म्हणायचे. सकाळी गाड्या आल्या की धक्क्यावर दुधाचे कॅन रांगेने उतरायचे, आणि ही बाई एकेका कॅनचं झाकण उचलून आत नाक घालायची. झाकण उघडल्याबरोबर कोंडलेली हवा वर येते, त्या पहिल्या श्वासातच दुधाचं काय ते कळतं. तो चुकला की संपलं, मग कितीही हुंगा. दूध चांगलं असेल तर नाकबाई हाताने पुढे जाऊ द्यायची खूण करायची. नसेल तर झाकण उलटं टाकायची. उलटं झाकण पडलं की दूध परत. मग दूधवाला हातापाया पडो नाहीतर शिव्या घालो, ती ढिम्म हलायची नाही.

लोकांना वाटतं, दुधाचं काम म्हणजे किती स्वच्छ, किती शुभ्र! डोंबलाचं शुभ्र! चांगल्या दुधाला सांगण्यासारखा वासच नसतो. म्हणजे या बाईच्या नाकाला उभ्या नोकरीत जे मिळालं ते घाणच मिळालं. आंबलेलं दूध, गंजक्या कॅनमधलं दूध, सडाला पू झालेल्या गाईचं दूध, ओल्या फडक्याखाली ठेवून कुबट झालेलं दूध. एकदा तर झाकण उघडलं आणि वर फुगलेली पाल तरंगत होती. अशा कामात माणूस किळसेला सरावतो म्हणतात. नाकबाईचं उलटं झालं. तिची किळस वर्षागणिक धारदार होत गेली आणि तिला तिचा अभिमानही होता, कारण नोकरी त्या किळसेवरच चालली होती.

नाक शाबूत राहावं म्हणून घरात वासाला बंदी होती. साबण बिनवासाचा, लसूण नाही, तळण नाही, कुंडीत फूल नाही. पाहुणा डोक्याला तेल चोपडून आला तर त्याला खिडकीशी बसवायची आणि खिडकी उघडी टाकायची, बाहेर कितीही गारठा असो. नवऱ्यालाही तिने असाच घालवला. मुलगी रांगत होती तेव्हा तो एका संध्याकाळी दुसऱ्याच कुण्या बाईच्या पावडरीचा वास अंगावर घेऊन दारात उभा राहिला. "ओव्हरटाइम होता," म्हणाला. नाकबाईने एक श्वास घेतला आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. तो पुन्हा आला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानेही फारशी धडपड केली नाही.

राहिली मुलगी. लहानपणी ती पिटुकली होती, त्याचं पुढे पिटू झालं आणि आईपेक्षा उंच झाली तरी पिटूच राहिलं. पिटूला नाकबाईने एकटीने वाढवलं आणि नाकाने वाढवलं. पोरगी शाळेतून आली की तिला दारातच थांबवायचं, डोकं जवळ ओढायचं आणि टाळू हुंगायची. ताप चढायच्या आधी कळायचं. पेपर अवघड गेला की पोरीच्या मानेला भीतीचा वेगळाच घाम येतो, तोही कळायचा. मैत्रिणीकडे काय खाल्लं, दात घासले की नुसती चूळ भरली, काही लपायचं नाही. लहान होती तोवर पोरीला ही जादू वाटायची. "आई, आज ओळख!" म्हणून ती आपणहून डोकं पुढे करायची.

सोळावं लागलं आणि पोरीने डोकं मागे घेतलं.

"मला हुंगत जाऊ नकोस," ती म्हणाली. "मी काय कॅन आहे?"

"आई आहे मी तुझी."

"मग विचार ना. तोंड आहे की मला."

आता तोंडाला विचारायचं म्हणजे तोंड सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. एवढा भाबडेपणा नाकबाईच्या अंगात नव्हता. तिने विचारलं काही नाही, पण पोरगी आंघोळीला गेली की तिचं दप्तर हुंगायला लागली, बूट हुंगायला लागली, उशीचा अभ्रा हुंगायला लागली. नुसतं आठवलं तरी कसंसंच होतं, पण धुवायला टाकलेले मोजे नाकाशी धरून ही बाई उभी राहायची, तोंड वाकडं व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि तरी मोजे खाली ठेवायची नाही.

पिटू काही दुधखुळी नव्हती. थोड्याच दिवसांत तिने एक गुलाबी साबण आणला. गुलाबाचा म्हणे! असला गुलाब कुठल्या झाडाला येत असेल तर ते झाड मुळासकट उपटून जाळावं. बाथरूमचं दार उघडलं की तो गोडसर भपका घरभर पसरायचा, टॉवेलला चिकटायचा, चहाच्या कपाच्या काठालासुद्धा लागायचा. नाकबाईला मळमळून यायचं. पण तिचं नाक असल्या साबणाला फसणारं नव्हतं. गुलाबाच्या खाली आणखी काहीतरी होतं, बारीक, गुळचट, कुजकट. कशाचं ते तिला ओळखू येईना, आणि तेच तिला जास्त झोंबलं. सिगारेट असती तर कळली असती, दारू कळली असती, एखादा मुलगा असता तर तोही कळला असता. हे काहीतरी मेलेलं होतं.

"तुला कुठे जखम झाली आहे का?" तिने एकदा विचारलंच.

"नाही."

"कान दुखतो? दाढ किडली आहे?"

"आई, मी ठणठणीत आहे. तू जरा नाक आवर." एवढं बोलून पिटू पुस्तक बगलेत मारून गच्चीवर गेली. हल्ली ती अभ्यासाला गच्चीवर जायची. नाकबाईचे गुडघे धरलेले, त्यामुळे ती वर चढायच्या भानगडीत पडत नसे.

आणि मग डेअरीत तो तमाशा झाला.

त्या सकाळी पहिल्याच कॅनचं झाकण उचललं आणि नाकबाईला तो वास आला. तोच, गुळचट आणि कुजका. तिने झाकण उलटं टाकलं. दुसरा कॅन, तोच वास. तिसरा, चौथा, तोच. मिशीवाल्याचे सगळे कॅन तिने परत केले. हा मिशीवाला बापाच्या वेळेपासून डेअरीला दूध घालणारा, स्वतःच्या मिशीपेक्षा स्वतःच्या गाईंना जपणारा माणूस. तो हात झटकत पुढे आला.

"बाई, माझ्या सगळ्या गाई एका रात्रीत मेल्या का हो? मला तर सकाळी दूध काढताना जिवंत दिसल्या!"

"वास आहे," नाकबाई म्हणाली. "मेलेल्याचा वास आहे."

त्याच्या मागच्याचेही कॅन तिने परत केले, आणि त्याच्या मागच्याचेही. धक्क्यावर ओरडा सुरू झाला, गाड्या खोळंबल्या, सांडलेल्या दुधावर माशा जमल्या. मोठे साहेब खाली आले. प्रयोगशाळेतून निरोप आला की दूध उत्तम आहे, सगळ्यांचं उत्तम आहे. साहेबांनी स्वतः एका कॅनमध्ये नाक घातलं, काही नाही. मग ते नाकबाईशी बोलायला जवळ सरकले आणि तसेच दोन पावलं मागे गेले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "वास तुमच्या रुमालाला आहे."

केस दुधात पडू नयेत म्हणून धक्क्यावर सगळ्या बायका डोक्याला रुमाल बांधतात. नाकबाईने आपला रुमाल ओढून काढला आणि नाकाशी नेला. तोच वास; घरी तो रोजचाच म्हणून सकाळी तिला रुमालाचा संशयही आला नव्हता. सकाळभर ही बाई आपल्याच डोक्यावरची घाण लोकांच्या दुधात हुंगत होती! मिशीवाला एवढा हसला की त्याला कठड्याला धरावं लागलं. बाकीच्यांनी त्याला साथ दिली. कुणीतरी मागून ओरडलं, "नाकबाई, आता झाकण स्वतःवर टाका!"

"काही दिवस घरी बसा," साहेब म्हणाले. "नाकाला विश्रांती द्या. हे पुन्हा झालं तर मला प्रयोगशाळेच्या यंत्रावरच भागवावं लागेल."

रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून, पिशवीला गाठ मारून ती घरी निघाली. वाटेत तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. रुमाल खुंटीवर होता, घरात माणसं दोन, आणि तिने स्वतः तो कुठल्या घाणीजवळ नेलेला नव्हता. म्हणजे पोरीने तो तोंडाला बांधून काहीतरी केलं आणि मुकाट्याने परत खुंटीला अडकवला. काय केलं ते शोधायला आता फार अक्कल लागणार नव्हती. गुडघे करकरत होते तरी ती जिना चढली.

गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, उन्हात, एक झाकणाची बादली होती. झाकणावर वीट. टाकीपर्यंत पोचायच्या आधीच नाकबाईने पदराने नाक दाबलं होतं, पण सवयीने जे करायचं ते तिने केलंच. वीट काढली, झाकण उचललं आणि पहिला श्वास आत घेतला.

ते काय होतं ते सांगायलाच हवं, कारण तिला ते भोगावं लागलं. बादलीत करडं, दाट पाणी होतं, वर साय धरल्यासारखा पांढरट थर. त्या थरातून काळ्या केसांचे पुंजके वर आले होते. मधेच एक जबडा दिसत होता, अर्धा सोललेला, दात विचकलेला. जिन्याखाली वर्षानुवर्षं राहणारा, सगळ्यांचं दूध चोरून पिणारा, मध्यंतरी म्हातारपणाने मेलेला काळा बोका होता तो. मेला तेव्हा नाकबाईने सुटकेचा निःश्वास टाकला होता. आणि तो बेटा तिच्या डोक्यावर, तिच्याच कपडे भिजवायच्या बादलीत शिजत होता.

तिला भडभडून ओकारी झाली. मग तिने तोंड पुसलं, बादली उचलली आणि पावसाचं पाणी जायच्या पाइपाच्या तोंडावर ती उपडी केली. सगळं गेलं, पाणी, केस, कातडं, हाडं. वरून टाकीतलं पाणी ओतून ओतून तिने पाइप धुतला. तो पाइप खाली, मागच्या गटारात, खालच्या वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उघडतो हे तिला वहिनींच्या किंचाळण्यावरून आठवलं.

पिटू शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि थेट वर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात रिकामी बादली होती आणि चेहरा बादलीपेक्षा रिकामा होता.

"कुठे टाकलंस?"

"गटारात. अजून कुठे टाकतात असली घाण? शी! आणि माझा रुमाल, माझी नोकरी! अगं, धक्क्यावर माणसं हसली मला. काय करत होतीस तू त्या बोक्याचं? करणी करतेस कुणावर?"

पिटू खुर्चीवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. नाकबाईला वाटलं होतं, आता पोरगी आदळआपट करेल, मग आपण दोन शब्द सुनावू, मग दोघी रडू आणि सगळं धुतलं जाईल. तसलं काही झालं नाही. पिटूने अगदी सरळ आवाजात सांगितलं. शाळेत संग्रहालयातला एक माणूस आला होता, सगळे त्याला हाडवाला म्हणतात. मेलेल्या जनावरांची हाडं साफ करून, एकेक जोडून, तो आख्खे सांगाडे उभे करतो. त्याने वटवाघळाचा सांगाडा हातावर ठेवून दाखवला होता. त्याला हाताखाली शिकायला कुणीतरी हवं आहे. शाळा संपली की तिथेच राहायचं, शिकायचं, काम करायचं. पण अट एकच, आधी एक जनावर स्वतः पाण्यात कुजवून, स्वतः साफ करून, त्याची सगळी हाडं आणून दाखवायची. येत्या सोमवारी न्यायची होती.

"मांस जवळजवळ सुटलं होतं," पिटू म्हणाली. "नुसतं धुवायचं राहिलं होतं."

"मग मला सांगायचं होतंस."

"तू शी म्हणाली असतीस."

"मी काही ऊठसूट शी म्हणत नाही!"

"आरशात बघ. आत्तासुद्धा तुझं तोंड तसंच आहे."

नाकबाईने आरशात पाहिलं नाही, पण तोंड सरळ करायचा प्रयत्न केला आणि ते होईना. मेलेल्या बोक्यासाठी आपली पोरगी आपल्याला सोडून जाणार, ही कल्पनाच तिला त्या बादलीइतकी किळसवाणी वाटली. सोळा वर्षं अंगाखांद्यावर वाढवलेली पोर. आणि जाणार कुठे, तर कुजक्या मांसात हात घालायला! तिच्या मनात एक क्षण असंही आलं की बरं झालं टाकलं. त्या विचाराचीही तिला किळस आली, पण तो आला होता हे खरं.

पिटू उठली, स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी आणि चहाची गाळणी घेतली, बाह्या वर केल्या आणि खाली गेली.

नाकबाई खिडकीतून बघत राहिली. मागच्या गल्लीत गटाराच्या काठी पोरगी उकिडवी बसली होती. हात कोपरापर्यंत त्या काळ्या रबडीत. चाळणीत गाळ घ्यायची, बाटलीतलं पाणी ओतायची, बोटाने चिवडायची, काहीतरी वेचून डब्यात टाकायची, की पुन्हा हात आत. गल्लीतली माणसं गोळा झाली. एकाने नाक धरून नाचून दाखवलं. एका शहाण्याने फोन काढला. खालच्या वहिनी तर खिडकीत उभं राहून वर्दी देत होत्या, "अगंबाई, केस बघा, केस! अगंबाई, हिचे हात बघा!" बघायला सगळ्यांना हवं होतं आणि तोंडं मात्र अशी करत होते की जणू त्यांच्याच ताटात कुणी ते वाढलं आहे. नाकबाईला त्यांचा संताप आला. मग लक्षात आलं की वर खिडकीत उभं राहून आपणही तेच करतो आहोत.

ती खाली उतरली. गर्दीतून वाट काढून पोरीशेजारी, गुडघ्यांना शिव्या देत, बसली.

"तू नको," पिटू मान वर न करता म्हणाली. "तुला ओकारी येईल."

"येऊ दे."

तिने हात आत घातला. कोमट, गुळगुळीत, आणि तळाशी कशाकशाचे तुकडे. ती बाजूला वळून ओकली, गर्दीतून "ई!" असा सूर निघाला, आणि तिने पुन्हा हात घातला. एक बारीक हाड तिच्या बोटांना लागलं. तिने ते धरून वर काढलं, चेहऱ्यावर जरा विजय होता.

"हे बघ! हे त्याचंच ना?"

पिटूने बघितलं. "कोंबडीचं आहे. वहिनींनी टाकलं असेल. फेक ते."

दुसरं काढलं, तेही कोंबडीचं. तिसरा प्लॅस्टिकचा तुकडा निघाला. जिच्या एका श्वासावर गाड्या परत जायच्या, ती बाई गटारात बसून एकामागून एक चुकीचं काढत होती आणि तिची पोरगी न चिडता "नाही, नाही, हेही नाही" म्हणत होती. चौथं हाड मात्र बरोबर निघालं. पायाचं बोट, पिटू म्हणाली, आणि ते तिने डब्यात टाकलं.

"तुला किळस येत नाही?" नाकबाईने विचारलं.

"येते."

"मग?"

"मग काय! येते." पिटूने चाळणी झटकली. "किळस आली म्हणून हात काढून घेतला तर सापडणार कसं? तू जरा सरक, तुझ्या गुडघ्याखाली बघायचंय."

नाकबाई सरकली. तिला वाटत होतं की किळसेची देणगी आपण पोरीला दिलेलीच नाही, पोरगी बापावर गेली, बथ्थड नाकाची. आणि हिला सगळं येतं आहे! तोच वास, तीच मळमळ. फक्त किळस आली की आईचा हात मागे यायचा, हिचा पुढे जात होता. हे तिला कुणी शिकवलं? आईने तर नाहीच.

ऊन उतरेपर्यंत दोघी तिथे होत्या. गर्दी कंटाळून पांगली. वहिनींनी खिडकी आपटून बंद केली.

पुढचे दिवस घरात जे चाललं त्याला घर म्हणायची सोय नव्हती. हाडं साबणाच्या पाण्यात भिजली, मग पांढरी करायच्या औषधात भिजली. जेवायच्या टेबलावर कागद पसरून पिटूने बोक्याला मांडलं, डोकं, मणका, फासळ्या, शेपटी, आणि पायांची बारीक बारीक बोटं. नाकबाई ताट मांडीवर घेऊन कोपऱ्यात जेवायची आणि प्रत्येक घासाला तिकडे न बघण्याचा निश्चय करायची. वास आता जवळजवळ नव्हताच. तरी तिला यायचा.

"सगळी आहेत?" तिने घाबरत विचारलं.

"शेपटीची दोन कमी आहेत, ती तो माफ करेल." पिटूने बोट बोक्याच्या डाव्या खांद्यापाशी ठेवलं. "हे एक नाही. मांजराला खांद्यापाशी एक काडीसारखं हाड असतं, कुठल्याच हाडाला धरून नसतं, नुसतं मांसात तरंगत असतं. घाई करणाऱ्याकडून तेच हरवतं. हाडवाला म्हणाला होता, मी पहिलं तेच बघतो."

उजव्या बाजूचं होतं. डावं गटारातच राहिलं. नाकबाई दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत असताना एकटीच पुन्हा खाली गेली, चाळणी घेऊन. गटारातला गाळ तोवर वाहून गेला होता.

सोमवारी पिटू उठायच्या आधीच नाकबाई तयार होती. चांगले कपडे, विंचरलेले केस, पायात चपलासुद्धा घालून दाराशी उभी. पिटू डबा घेऊन बाहेर आली आणि थबकली.

"तू कुठे?"

"तुझ्याबरोबर. त्या माणसाला सांगते मी. पोरीने सगळं नीट केलं होतं, हाड माझ्यामुळे गेलं. मी मूर्ख, मी फेकलं. माझ्यावर खापर फुटू दे, तुझ्यावर नको."

"तू येऊ नकोस."

"अगं, पण गुन्हा माझा आहे! तू त्याचं बोलणं का खायचं? मी पाय धरीन त्याचे. दूधवाले माझे धरतात तसे धरीन."

"म्हणूनच नको." पिटूने डबा खाली ठेवला. "आई, तू आलीस की तिथे तू बोलशील. तो तुझं ऐकेल, तुला समजावेल, तुला पाणी देईल. मग मी कोण? हिची आई आली होती, ती मुलगी. मला तसं नाही जायचं."

"मग मी रस्त्यात थांबते. बाहेर. आत येत नाही."

"आई."

नाकबाईच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. तू अजून लहान आहेस, तुला बोलता येत नाही, लोक कसे असतात ते तुला काय ठाऊक, मी नसते तर. ती सगळी वाक्यं तिने आयुष्यभर वापरली होती आणि आता ती तोंडात आली तेव्हा तिला त्यांची चव शिळ्या दुधासारखी लागली. तिने ती गिळून टाकली. मग वाकून, एक हात भिंतीला लावून, तिने चपला काढल्या.

पिटू जिना उतरून गेली. नाकबाई दार उघडं ठेवून बसली, मग बंद करून बसली, मग भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मधे एकदा गुलाबी साबण दिसला, तो तिने उचलला, कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेला आणि जागेवर आणून ठेवला. त्या दिवसभरात तिने स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या मिशीवाल्याने तिला उभ्या जन्मात दिल्या नसतील. तिला सारखं दिसत होतं, हाडवाला बोट फिरवतो आहे, खांद्यापाशी थांबतो आहे, आणि पोरगी मान खाली घालून उभी आहे, आईच्या किळसेपायी.

संध्याकाळी पिटू आली. चेहऱ्यावरून काही कळेना. नाकबाई पुढे झाली, थांबली, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"काय म्हणाला?" तिने विचारलं. तोंडाला विचारलं.

"बघितलं त्याने. बराच वेळ. मग म्हणाला, डावं कुठे आहे? मी म्हटलं, हरवलं. तो म्हणाला, कसं?"

"मग सांगितलंस ना? माझं नाव सांगितलंस ना?"

"नाही. मी म्हटलं, मी ते जिथे माणसं राहतात तिथे ठेवलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. कुणीतरी टाकणार हे मला आधी कळायला हवं होतं. माझी चूक झाली."

"तुझी कशी? टाकलं मी!"

"हो, टाकलंस तू."

"मग माझं नाव का नाही घेतलंस? अगं, त्यासाठीच तर मी..."

"काम माझं होतं, आई," पिटू म्हणाली. "त्यात तुझं नाव कशाला?" तिने दप्तर खुंटीला अडकवलं. "घेतलंय त्याने मला. शाळा संपली की जायचं. तो म्हणाला, ज्याला आपली चूक कुठे झाली ते सांगता येतं, त्याला हाड कुठे हरवलं तेही पुढच्या वेळी सापडतं."

नाकबाईला आनंद झाला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी तिला कुणीतरी हात धरून खोलीबाहेर नेऊन उभं केल्यासारखं वाटलं. ती सकाळपासून पोरीचा राग झेलायला तयार बसली होती. माफी मागायची वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी तशीच तोंडात राहिली, कारण ती वाक्यं तिच्याकडून कुणाला नकोच होती.

"मग आता मी काय करू?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

पिटूने तिच्याकडे बघितलं, तिच्या हाताला हलकेच हात लावला आणि मायेने म्हणाली, "तू काही करू नकोस, आई. बस तू."

पोरगी हे रागाने म्हणाली असती तर नाकबाई भांडली असती. आता ती बसली.